टेंटर क्रॉफ्टची पक्की मतं

ही पोटनिवडणूक आम्ही जिंकलो असतो तर नॉर्मन पिकर्सगिलला काय मिळणार होतं, ते आधी मांडते. खासदाराच्या स्थानिक कचेरीत व्यवस्थापकाची नोकरी. चॅपल स्ट्रीटवरच्या त्या कचेरीची किल्ली, आणि खिडकीजवळचं टेबल. शिवाय रोज सकाळी आठला घराबाहेर पडायला एक कारण, म्हणजे त्याच्या बायकोला, ब्रेंडाला, दिवसभर त्याचं तोंड बघावं लागलं नसतं. हा शेवटचा लाभ दोघांच्याही खात्यात धरायचा. नॉर्मन एकसष्ट वर्षांचा. ईस्टरला गालिच्यांचं गोदाम बंद पडलं, तेव्हापासून घरी. पेन्शनला पाच वर्षं सात महिने बाकी. तेवढा काळ हॅदरक्लफमध्ये त्याला दुसरं कोणी कामाला ठेवणार नव्हतं.

आमच्या उमेदवार बाई, इमोजेन फेअरली, लंडनहून आलेल्या वकील. माणूस वाईट नाही. फक्त आमच्याकडच्या चढावर दम लागायचा. माझ्या घरी पहिला चहा घेतानाच त्या म्हणाल्या होत्या, "नॉर्मन, मी निवडून आले तर इथली कचेरी तुझी. बेरिल, तू साक्षीला आहेस हं." मी साक्षीला होते. साक्षीला मी नेहमीच असते.

मी बेरिल सग्डन. एकतीस वर्षं गिरणीच्या हिशेबखात्यात काढली, आणि त्याहून जास्त वर्षं दर निवडणुकीला माझी पुढची खोली पक्षाला दिली. सोफा भिंतीला, मध्ये वॉलपेपर चिकटवायचं लांबलचक घडीचं टेबल, त्यावर याद्या. सारा कारभार सोपा असतो. आधी तीन-चार आठवडे दारोदार फिरून विचारायचं, मत कोणाला? जो आपला म्हणेल त्याच्या नावापुढे 'पक्का'. जो नाही म्हणेल तो 'विरोधी'. जो दारातच कुत्र्याला शांत करत वेळ काढतो तो 'डळमळीत'. मग मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर आमची माणसं खुर्ची टाकून बसतात, येणाऱ्याला त्याचा यादीतला नंबर विचारतात, ते नंबर दर तासाला माझ्या टेबलावर येतात आणि मी रेघ मारते. दुपारनंतर रेघ न पडलेली पक्की नावं चिठ्ठ्यांवर उतरतात. गाड्या निघतात. दार वाजवायचं, कोट घालायला लावायचं, गाडीत बसवायचं, केंद्रावर उतरवायचं. विरोध्याचं दार वाजवायचं नाही. झोपलेल्याला झोपू द्यावं.

आता नॉर्मनची गोची. तो बावीस वर्षं टेंटर क्रॉफ्ट वस्तीचा नगरसेवक. ही वस्ती टेकडीवर, चारशे बारा मतदार. कोणाच्या भिंतीला ओल आली, कोणाचा बॉयलर बंद पडला, कोणाच्या मुलाला शाळेत जागा मिळेना, नॉर्मन हजर. पण गेल्या मार्चमध्ये नगरपालिकेत मतदान झालं, की टेकडीच्या पायथ्याचा जुना पोहण्याचा तलाव नाताळपासून बंद करायचा. खर्च परवडत नाही. पक्षाने सांगितलं, हात वर कर. नॉर्मनने हात वर केला. त्याच तलावात पोरांना पोहायला शिकवणारी ग्वेन थॅकरे, खांदे बैलासारखे आणि आवाज शिट्टीसारखा, ती उठली आणि पोटनिवडणुकीला अपक्ष उभी राहिली. पक्ष नाही, कचेरी नाही, गाडी म्हणाल तर पोहण्याच्या क्लबची एक व्हॅन, तीही ऐन आठवड्यात गॅरेजात.

"पोहणारी माणसं मतदान करतात असं मी ऐकलेलं नाही," नॉर्मन म्हणायचा.

टेंटर क्रॉफ्टची फेरी त्याने एकट्याने केली. मी म्हटलं, कोणीतरी जोडीला ने. "माझ्या वस्तीत मला सोबत कशाला? लोक म्हणतील, नॉर्मनला आता एकट्याने यायची लाज वाटते." अशा नऊ संध्याकाळी फिरला. येताना प्रत्येक वेळी डब्यात काहीतरी असायचंच. कोणी आल्याचा पार्किन केक दिलेला, कोणी मुरंबा. शेवटच्या दिवशी कागद माझ्या टेबलावर ठेवले आणि हात कमरेवर.

"मोज," म्हणाला.

मी मोजले. चारशे बारांपैकी तीनशे एकाहत्तर पक्के. डळमळीत एकेचाळीस. विरोधी एकही नाही.

"हेबलथ्वेट पण पक्का?" मी विचारलं. म्हातारा हेबलथ्वेट पक्षावर अठरा वर्षं रुसलेला. त्याच्या फाटकावर पाटी होती, 'राजकारण्यांनी आणि फेरीवाल्यांनी आत येऊ नये.'

"त्याने मला आत बोलावून शेरी पाजली, बेरिल!"

"आणि म्हणाला काय?"

"म्हणाला, तू काळजी करू नकोस नॉर्मन, घरी जाऊन पाय वर करून बस."

हिशेबखात्यातला माझा पहिला साहेब सांगायचा, पहिल्या फटक्यात जुळलेला ताळेबंद परत तपासावा. तो कोणीतरी जुळवलेला असतो. मी हे मनातच ठेवलं. नॉर्मन इतका खूश होता, आणि ब्रेंडाने त्याच्यासाठी नवा शर्ट आणला होता.

मतदानाच्या गुरुवारी, ऑक्टोबरातल्या त्या पिरपिऱ्या पावसात, सात वाजता केंद्रं उघडली आणि माझ्या पायाला चाळा लागला. नऊला ठीक. अकराला थोडं जास्तच ठीक. बाराला मी रेघा मोजल्या. इतर वॉर्डात पक्क्यांपैकी पाचात एक मत देऊन गेलेला. टेंटर क्रॉफ्टमध्ये तिनात एक.

खोलीतले सगळे खूश. मीच उठून किटली लावली, बंद केली, परत लावली. टेंटर क्रॉफ्ट दुपारचं कधीच मत देत नाही. ती वस्ती संध्याकाळी जेवून, मालिका बघून, मग हाकलावी लागते. माझ्या इतक्या वर्षांच्या रेघा तेच सांगत होत्या. आज या लोकांना कोणी उठवलं? आम्ही तर अजून एक दारही वाजवलं नव्हतं.

नॉर्मनचा फोन आला. "आकडा सांग."

"एकशे चोवीस."

"बाराच्या आत! बघितलंस? माझी माणसं आहेत ती!"

"हं," मी म्हटलं. या 'हं'वर मी नंतर पुष्कळ विचार केला.

तीनला झहीर आला. झहीर अख्तर, स्वतःची टॅक्सी, दर निवडणुकीला एक दिवस फुकट चालवतो, कारण नॉर्मनने त्याच्या वडिलांच्या अपंगभत्त्यासाठी सतरा पत्रं लिहिली होती. पत्रं झहीरने मोजली होती. ओला कोट दारातच झटकत तो म्हणाला, "आंटी, चहा. पाच आज्या पोचवल्या एका खेपेत. सीटवर चार आणि माझ्या डोक्यावर एक."

"पास घेतले होते ना सगळ्यांनी?" आता फोटोचं ओळखपत्र दाखवल्याशिवाय मतपत्रिका मिळत नाही, म्हाताऱ्यांचं ओळखपत्र म्हणजे बसचा पास.

"नेली रॅम्सडेनचा सापडेना. मी आणि ती दहा मिनिटं शोधत होतो. शेवटी ब्रेडच्या डब्यात निघाला." तो हसला. "गमतीची बाई आहे हो. चौऱ्याऐंशीची, आणि गाडीत सगळ्यांना सांगते, या मंगळवारी मी पुन्हा पाण्यात उतरणार. डॉक्टरने सांगितलंय म्हणे, गुडघ्याला. मग पाचहीजणींचं सुरू झालं, टोपी कुठली, कपडे बदलायच्या खोल्या किती गार..."

झहीरचा कप ओठापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"आणखी काय म्हणाली?" मी विचारलं.

"उतरताना माझा हात दाबला. म्हणाली, नॉर्मनला सांग, गाडी पाठवली फार बरं केलं. त्याला वाईट वाटू देऊ नको." त्याने कप खाली ठेवला. "आंटी, आपण कोणाची मतं वाहतोय?"

मी टेंटर क्रॉफ्टचे कागद पुढे ओढले. नॉर्मनचं अक्षर गोल, शाळकरी. प्रत्येक नावापुढे 'पक्का'. नेली रॅम्सडेन, पक्की. तिची शेजारीण, पक्की. एखाद्याच्या दारात त्याने बसवून दिलेला बॉयलर गुरगुरत असताना तो समोर उभा राहून विचारतो, मत देणार ना? त्याच्या तोंडावर नाही कोण म्हणेल? आमच्याकडे म्हणत नाहीत. केक देतात. आणि नॉर्मनने केक मोजले होते.

"भरवशाच्या म्हशीला टोणगा," मी पुटपुटले.

"मग गाड्या फिरवा ना," झहीर म्हणाला. "स्टेशनकडच्या इमारतींत आपली खरी माणसं आहेत. तिथे अजून निम्मी घरात बसलीयत. टेंटर क्रॉफ्ट सोडा. चढ आहे, पाऊस आहे, बसला चाळीस मिनिटं. आपण नाही गेलो तर अर्धे येणारच नाहीत."

"नॉर्मनला सांगावं लागेल."

"तुम्ही सांगा. माझ्यावर सतरा पत्रांचं ओझं आहे."

नॉर्मन साडेचारला आला. नव्या शर्टाची कॉलर भिजलेली, छातीवर पक्षाचा कापडी बिल्ला, चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा. टेबलावर त्याच्या वस्तीच्या उरलेल्या चिठ्ठ्या गठ्ठ्याने ठेवलेल्या: एकशे एकतीस. त्यांवर मी माझा हात ठेवला होता.

"नॉर्मन, जरा बस."

"बसायला वेळ कुठाय? चिठ्ठ्या दे. सहा गाड्या लावतो."

"स्टेशनकडे जास्त गरज आहे असं मला वाटतं. तिथे फक्त..."

"स्टेशनवाले भाडेकरू. आज आहेत, उद्या नाहीत. ही माझी माणसं."

"झहीर म्हणत होता, गाडीत नेली रॅम्सडेन जरा तलावाबद्दल..."

झहीर खिडकीबाहेर असं काही बघत होता, जणू बाहेर मिरवणूक चाललीय.

"नेली?" नॉर्मन म्हणाला. "तिच्या नवऱ्याच्या शवपेटीला मी खांदा दिलाय, बेरिल. तलावाबद्दल बोलणारच की. मीही बोलतो. मलाही वाईट वाटतं. म्हणून काय ती माझ्या विरोधात मत देईल?"

"तुझ्या विरोधात नाही रे. पण बाई लंडनच्या, आणि तलाव..."

"मी नऊ संध्याकाळ फिरलोय. एकाने, एकाने तरी तोंडावर नाही म्हटलं असतं ना?" त्याचा आवाज जरा वर गेला आणि मग एकदम खाली आला. "ब्रेंडाने कचेरीच्या खिडकीसाठी पडदे बघून ठेवलेत. म्हणते, ते जुने फार कळकट आहेत."

आता माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. सांगायचं, नॉर्मन, या तीनशे एकाहत्तर खुणा खोट्या आहेत, बावीस वर्षं ज्यांची कामं केलीस त्यांनी तुला केक देऊन वाटेला लावलंय. किंवा हात उचलायचा.

"बरं," मी म्हटलं. "तू म्हणतोस तर."

आणि हात उचलला.

नंतरचे साडेपाच तास मी खुर्चीत बसले नाही. सहा गाड्या टेकडी चढत आणि उतरत होत्या. नंबर येत होते. मी रेघा मारत होते, आणि प्रत्येक रेघेबरोबर खोलीतली पोरं टाळी वाजवत. नॉर्मनने स्वतः हेबलथ्वेट म्हाताऱ्याला चाकाच्या खुर्चीसकट आणलं, म्हणे उतारावर छत्री त्याच्याच डोक्यावर धरून. झहीर पाचव्या खेपेला आत आला नाही; गाडीतूनच चिठ्ठ्या मागितल्या. मी खिडकीतून दिल्या. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. दहाला केंद्रं मिटली तेव्हा एकशे एकतीस चिठ्ठ्यांपैकी अठ्ठ्याऐंशी जणांवर रेघ होती. इतकं चोख काम आमच्या पक्षाने माझ्या आठवणीत कधी केलेलं नाही.

मोजणी शुक्रवारी सकाळी, कॉलेजच्या बॅडमिंटन हॉलमध्ये. आधी एकेक पेटी उघडतात आणि मतपत्रिका किती ते जुळवतात. त्या वेळी फितीच्या अलीकडे उभं राहून आमच्यासारखे लोक उलगडणाऱ्या कागदांवरच्या फुल्या बघतात आणि वहीत रेघा ओढतात. चार उभ्या, एक आडवी. कोणी काय दिलं ते कळत नाही, पण वस्तीने काय दिलं ते कळतं. टेंटर क्रॉफ्टची पेटी नॉर्मनने स्वतःकडे घेतली.

"हे मी बघतो," म्हणाला. "तू स्टेशनची बघ."

मी स्टेशनच्या पेटीकडे गेले नाही. त्याच्या शेजारीच उभी राहिले.

पहिली उलगडली, ग्वेन. दुसरी, ग्वेन. तिसरी, ग्वेन. "सुरुवातीला असं होतं," नॉर्मन म्हणाला. चौथी आमची, त्याने रेघ जरा जोरात ओढली. मग ग्वेन, ग्वेन, ग्वेन, एक भलत्याच कोणाची, ग्वेन, ग्वेन. मोजणारी मुलगी भराभर कागद सरळ करत होती. तिला काय त्याचं. पन्नासाव्या कागदाच्या आसपास नॉर्मनची पेन्सिल थांबली. कागद उलगडत राहिले. तो बघत राहिला, एकेक फुली, जणू एकेका दारात पुन्हा उभा राहतोय. मी त्याच्या हातातून वही घेतली आणि रेघा पुढे चालू ठेवल्या, कारण कोणीतरी ठेवायलाच हव्यात. दहात आठ ग्वेनच्या. एक आमची. एक इतरांची.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला. आवाज अगदी साधा.

"तीनपासून."

"आणि तू चिठ्ठ्या दिल्यास."

मी पुढची रेघ ओढली.

"निदान नेलीने केक तरी केला," नॉर्मन म्हणाला.

दुपारी साडेबाराला निकाल वाचला. ग्वेन थॅकरे सत्तेचाळीस मतांनी विजयी. पोहण्याच्या क्लबच्या पोरांनी शिट्ट्या फुंकल्या. इमोजेन बाईंनी ग्वेनचा हात हातात घेतला, छान बोलल्या, आणि मग नॉर्मनकडे वळून म्हणाल्या, "तू जिवापाड राबलास. टेंटर क्रॉफ्टमधली गर्दी तर कमालच होती." त्यांना ते खरंच कौतुक वाटत होतं. नॉर्मनने मान डोलावली.

आता ताळेबंद.

शेवटच्या फेऱ्यांत आम्ही टेकडीवरून अठ्ठ्याऐंशी मतं खाली आणली. दहात आठच्या हिशेबाने सत्तर ग्वेनची, नऊ आमची, फरक एकसष्ट. हरलो सत्तेचाळीसने. काहीजण आपल्या पायांनीही आले असते, तेव्हा आकडा ढोबळ धरा; पण त्या संध्याकाळी आम्ही शेकोटीशी बसून राहिलो असतो तर चौदा मतांनी जिंकलो असतो. मी हे तीनदा तपासलं. तिन्ही वेळा जुळलं.

इमोजेन बाईंना पडलं एक लंडनचं तिकीट. त्यांना वसंतात लढवायला दुसरी जागा मिळाली. झहीरच्या माथी दिवसभराचं पेट्रोल आणि बुडालेलं भाडं; म्हणाला, पत्रांच्या खात्यात टाका. ग्वेनला काही पडलं नाही. घाबरलेल्या नगरपालिकेने तलाव आणखी वर्षभर चालू ठेवला, पुढचं पुढे. नेली रॅम्सडेन मंगळवारी पाण्यात उतरली, आणि बुधवारी नॉर्मनच्या दारात जिरं घातलेला केक घेऊन उभी राहिली. ब्रेंडाने केक घेतला, आभार मानले, दार लावलं. डबा अजून परत गेलेला नाही. मे महिन्यात नॉर्मन नगरसेवकपदाला उभाच राहिला नाही. वस्तीला त्याचं फार वाईट वाटलं. तोंडावर तसं सगळ्यांनी सांगितलं.

नॉर्मनच्या खात्यावर पडली ती पाच वर्षं सात महिने. त्यातला एक हिवाळा त्याने सुपरमार्केटच्या आवारात ढकलगाड्या गोळा करण्यात फेडलाय. मी शनिवारी तिथेच सामान आणते. तो माझी ढकलगाडी घेतो, "कशी आहेस बेरिल?" म्हणतो, मी "बरी" म्हणते.

त्या एकशे एकतीस चिठ्ठ्यांच्या कार्बनखालच्या प्रती माझ्याकडे आहेत. ताळेबंदात त्या माझ्याच नावे टाकायच्या, हे मला त्या गुरुवारी साडेचारलाच ठाऊक होतं.